सरांचे चिनी सेनापती

कुवेतमध्ये, महबूल्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. ते कधी शाळेत शिकवत नव्हते, कॉलेजातही नव्हते. एका गुंतवणूक कंपनीत अकाउंट्सचे प्रमुख होते. हाताखालची मुलं सर म्हणायची, ते ऐकून त्यांच्या बायका म्हणायला लागल्या आणि मग समुद्राकडच्या इमारतींमधली झाडून सगळी मराठी माणसं. सरांनी कुणालाही अडवलं नाही.

सरांना चिनी क्रांतीतल्या माणसांच्या चरित्रांचा नाद होता. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर देवाचा फोटो नव्हता, आईवडिलांचा नव्हता. तिथं जाड कापसाचे कोट घातलेल्या, डोळे बारीक करून बर्फाकडे बघणाऱ्या सेनापतींचे काळेपांढरे फोटो फ्रेम करून लावलेले होते. नवा पाहुणा आला की सर त्याला त्या भिंतीसमोर उभं करायचे आणि विचारायचे, “ओळखा पाहू, यातला कोण कोण माहीत आहे?” पाहुण्याला एकही माहीत नसे. मग सर हसत. पाहुण्याला काही येत नाही हे कळलं की त्यांचा चेहरा खुलायचा, जेवणसुद्धा जास्त जायचं.

फहाहीलच्या एका शिंप्याकडून त्यांनी चार खिशांचा, बंद गळ्याचा करडा कोट शिवून घेतला होता. बाहेर गाडीच्या हँडलला हात लावला तर चटका बसेल असं ऊन, आणि हे आत कोट घालून बसणार. म्हणून एसी इतका खाली आणलेला असायचा की आम्ही बायका त्यांच्याकडे जाताना पर्समध्ये शाल नेत असू. सर समतेवर बोलायचे तेव्हा त्यांच्याकडची कामवाली बाई चहाचा ट्रे घेऊन बाजूला उभी असायची. वाक्य पुरं झाल्याशिवाय सर कप उचलायचे नाहीत, आणि त्यांची वाक्यं लवकर पुरी व्हायची नाहीत.

दर दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चारला त्यांच्याकडे ‘चरित्र अभ्यास वर्ग’ भरायचा. नवरा मला तिथं घेऊन जायचा. त्याला त्यांच्या कंपनीत नोकरी बदलून हवी होती आणि ती सरांच्या एका शब्दावर मिळेल असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. येणाऱ्यांत एक हृदयरोगतज्ज्ञ, बँकेतली दोन जोडपी, जहऱ्याहून गाडी हाकत येणारा एक लॅब टेक्निशियन आणि आम्ही. क्रांतीशी आमच्यातल्या एकाचाही काडीचा संबंध नव्हता. बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, लिफ्ट बंद आहे म्हटलं तर आम्ही मुकाट्याने जिने चढणारी माणसं.

प्रत्येकाला एकेक चरित्र वाचून सांगायला दिलेलं असायचं. चार-पाच ऐकली आणि माझ्या लक्षात आलं, की सगळी एका साच्यातली आहेत. गरीब गावात जन्म. जमीनदाराचा राग. घरच्यांनी लावून दिलेली पहिली बायको गावी सोडून शहराकडे पलायन. पलटण, पोटात उपास, डोंगर, दलदल, नदीवरचा पूल, कातड्याचा पट्टा उकळून प्यायलेलं पाणी. मग विजय आणि चौकातली परेड. सर तिथं थांबायचे. मला पुढचं वाचायला आवडायचं, कारण खरी गंमत पुढं होती. कालचे सोबती एकमेकांविरुद्ध साक्षी देणार, मग एकजण थंड खोलीत औषधाविना मरणार, आणि सगळं निवलं की त्याच सोबत्यांतले उरलेसुरले काळ्या फिती लावून त्याच्या फोटोसमोर मान झुकवणार. पहिल्या बायकोचं पुढे काय झालं ते कुणीच लिहीत नव्हतं. ती पहिल्या प्रकरणात असायची आणि तिथंच राहायची.

मला सरांनी लाँग मार्चमधल्या, म्हणजे क्रांतिसेनेच्या त्या हजारो मैलांच्या पायपिटीतल्या, बायकांवर बोलायला सांगितलं. “तुम्ही बाई आहात, तुम्हाला जवळचं वाटेल,” असं म्हणून. मी फहाहीलच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे हलवून संध्याकाळी घरी येते. तरीही वाचलं. त्या मोजक्या बायकांतल्या काही जणी वाटेतच बाळंत झाल्या होत्या. मूल रडलं तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून जन्मलेलं बाळ जवळच्या झोपडीत कुणा शेतकऱ्याकडे ठेवायचं आणि रक्त थांबायच्या आत चालू लागायचं. मी वर्गात ते सांगितलं आणि विचारलं, “या मुलांचं पुढे काय झालं ते कुठल्याच पुस्तकात का नाही?”

सरांनी चष्मा काढला. “हा भावनिक मुद्दा झाला,” ते म्हणाले. “आपण इतिहास बघतोय.”

हृदयरोगतज्ज्ञांनी मान डोलावली. माझ्या नवऱ्यानेही.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एक चिनी आजोबा उपचाराला यायला लागले. वय पंच्याहत्तरच्या पुढं, गुडघ्याचं ऑपरेशन मायदेशी झालेलं, आणि थंडीचे महिने मुलाकडे कुवेतला काढायला आलेले. मुलगा एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता, तो कधी दिसला नाही. सोबत सून यायची. ती त्याच कंपनीत कंत्राटांचं काम बघायची, इंग्रजी चांगलं बोलायची. आजोबा उंच, हाडकुळे. हातात कायम गरम पाण्याचा स्टीलचा थर्मास. मी गुडघा वाकवायला लागले की ते छताकडे बघत स्वतःशीच काहीतरी बोलायचे. एकदा मी सुनेला विचारलं, दुखतंय म्हणतात का?

“नाही,” ती म्हणाली. “ते तुम्हाला शिव्या देताहेत. पण प्रेमाने.”

आमचं जमलं. आजोबांनी आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली होती. मी सहज विचारलं, वडीलही रेल्वेतच होते का? त्यांनी हवेत हात झटकला, माशी हाकलावी तसा. सून हळूच म्हणाली, “वडील जनरल होते. लाँग मार्चमध्ये चाललेले. त्यांच्या जिल्ह्यात पुतळा आहे.” आजोबांना तेवढं कळलं असावं. ते चिनीत काहीतरी पुटपुटले आणि सून हसू दाबत म्हणाली, “म्हणतात, कबुतरांची सोय झाली.”

मी घरी हे नवऱ्याला सांगितलं. आजोबांचं नाव नाही, आजार नाही, फक्त पुतळ्याचा आणि कबुतरांचा किस्सा, हसण्यासाठी म्हणून. नवरा हसला नाही. तो उठून बाल्कनीत गेला आणि सरांना फोन लावला.

दोन दिवसांनी सर आमच्या क्लिनिकच्या रिसेप्शनला येऊन बसले. करडा कोट घालून. मी बाहेर आले तर सुनेसमोर उभे राहून तिला कार्ड देत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

“सर, हा माझा पेशंट आहे. असं चालत नाही इथं.”

“मी पेशंटला भेटत नाहीये,” ते म्हणाले. “मी इतिहासाला भेटतोय.”

असं वाक्य माणूस आरशासमोर करून आलेला असतो. सुनेला वाटलं मी आणि सर एकाच गोटातले. ती भिडस्त होती, तिने आजोबांना विचारलं. आजोबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे बसून समुद्र आणि धूळ बघायचे. त्यांनी एवढंच विचारलं, “तिथं माणसं असतील का?” असतील म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

त्या शुक्रवारी सरांचा हॉल भरून गेला होता. एरवी न येणारी मंडळीही आली होती, कारण ग्रुपवर निमंत्रण फिरलं होतं, ‘महान चिनी सेनानीच्या सुपुत्रांशी संवाद’ असं. शाल आणि नारळ तयार होते. साबुदाणावडे, ढोकळा, नारळाच्या वड्या. सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणायचो, सकाळपासून तळत होत्या आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बसायला त्यांना कधी कुणी सांगितलेलं मी बघितलं नाही.

आजोबांना सरांनी अर्थातच भिंतीसमोर नेलं. “ओळखा पाहू,” इंग्रजीत. आजोबांनी एकेक फोटो नीट बघितला. मग एका फोटोवर बोट ठेवून ते सुनेला काहीतरी म्हणाले. सून म्हणाली, “हे यांना ओळखतात. हे घरी जेवायला यायचे. खूप जेवायचे.” सर हसले, पण त्यांना हे ऐकायचं नव्हतं.

मग सरांचं भाषण झालं. ते संपेना. लाँग मार्च त्यांनी जवळजवळ चालूनच दाखवला. मध्ये एकदा मुठी आवळून नदी ओलांडली. आजोबा थर्मासमधून घोट घोट पाणी पीत बसले होते आणि साबुदाणावडा उलटसुलट करून बघत होते. शेवटी सरांनी शाल घातली आणि म्हणाले, “आता आपल्या पराक्रमी वडिलांविषयी आम्हाला काही सांगा.”

व्यवस्था अशी ठरली, की आजोबा चिनीत बोलणार, सून ते इंग्रजीत सांगणार आणि सर त्याचं मराठी करणार. खरं तर हॉलमध्ये इंग्रजी न समजणारं कुणीच नव्हतं, वहिनी सोडल्या तर. पण सून हळू बोलायची, एसीचा आवाज मोठा होता, आणि सरांना मराठी करायचं होतं. मी आजोबांच्या शेजारी बसले होते, त्यांचा पाय स्टुलावर नीट ठेवायला. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

आजोबा म्हणाले, “वडिलांबद्दल काय सांगू? ते घरी नसायचे. असायचे तेव्हा आम्ही आवाज करायचा नाही.”

सून तसंच म्हणाली. सर मराठीत म्हणाले, “त्यांच्या घरात लष्करी शिस्त होती.”

“त्यांनी पुढे आठवणींचं पुस्तक लिहिलं. म्हणजे दुसऱ्याने लिहिलं, त्यांनी सही केली. त्यात ज्या आठवड्यात माझी मोठी बहीण जन्मली त्या आठवड्याबद्दल एक ओळ आहे. ‘पाऊस होता, आम्ही नदी पार केली.’ बहिणीबद्दल काही नाही.”

सर म्हणाले, “भर पावसात नदी ओलांडताना त्यांच्या कन्येचा जन्म झाला!”

लोकांनी ‘अरे वा’ केलं. मी सरांकडे बघितलं. ते समोर बघत होते.

आजोबा सांगत गेले. आई पलटणीसोबत चालत होती. एका झोपडीत बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी निघायचा हुकूम आला, आणि हुकूम देणारे वडीलच होते. आईने मुलीला आपल्या गळ्यातल्या लोकरी पट्टीत गुंडाळून त्या घरच्या बाईकडे दिलं. पुढे लढाई संपली, राज्य आलं, वडील मोठे झाले, घरापुढे मोटार आली. आई म्हणाली, आता मुलीला शोधू या, तुम्ही त्या जिल्ह्याच्या कचेरीला दोन ओळी लिहा. वडील म्हणाले, नाही. खूप जणांनी मुलं सोडली आहेत. मी एकट्याने शोधायला लावली तर कसं दिसेल?

“कसं दिसेल,” आजोबांनी पुन्हा म्हटलं. “हे त्यांचं नेहमीचं वाक्य.”

सर उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. “मित्रहो, ऐका. या महापुरुषाने आपली पोटची पोर क्रांतीला अर्पण केली, आणि सत्ता हातात आल्यावरही स्वतःसाठी एक सवलत घेतली नाही. एकही नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हृदयरोगतज्ज्ञ टाळ्या वाजवत होते, बँकवाले वाजवत होते, जहऱ्याचा टेक्निशियन इतका वेळ पेंगत होता तो दचकून जागा होऊन वाजवत होता. माझा नवरा सर्वांत जोरात. त्यातल्या निम्म्यांनी सुनेचं इंग्रजी आपल्या कानांनी ऐकलेलं होतं. मी त्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. शिकलेली माणसं, प्रत्येकाची दोन-दोन मुलं इथल्या इंडियन स्कूलमध्ये, बसला दहा मिनिटं उशीर झाला तर ग्रुपवर आकांत मांडणारी. दुसऱ्याची मुलगी पावसात ठेवून दिली म्हणून टाळ्या पिटत होती.

आजोबा गोंधळले. त्यांनी सुनेला काहीतरी विचारलं. सुनेने सरांना विचारलं, “हे लोक टाळ्या का वाजवताहेत?”

“त्यांच्या वडिलांच्या थोरवीने सगळे हेलावले आहेत,” सर म्हणाले.

सुनेने ते चिनीत सांगितलं. आजोबांनी हॉलभर नजर फिरवली. मग एकच वाक्य बोलले, सावकाश. सुनेचे कान लाल झाले.

“काय म्हणाले?” सरांनी विचारलं.

“त्यांना पाणी हवंय,” सून म्हणाली.

थर्मास त्यांच्या मांडीवर होता.

मी उभी राहिले. धीट वगैरे मी नाही. पण चीड आली की माझा आवाज आपोआप वर जातो. “सर, ते असं म्हणाले नाहीत.”

“काय?” सर म्हणाले.

“मुलगी अर्पण केली असं ते म्हणाले नाहीत. शोधली तर लोकांना कसं दिसेल, म्हणून शोधली नाही, असं म्हणाले.”

“मी भावार्थ सांगतोय.”

“हा भावार्थ नाही. उलटा अर्थ आहे.”

“तुम्हाला संदर्भ माहीत नाही,” सर म्हणाले. आवाज अजून गोडच होता. “त्या काळात, त्या परिस्थितीत...”

“संदर्भ त्यांना माहीत असेल ना? त्यांची बहीण आहे.”

नवऱ्याने माझा हात धरून खाली ओढला. “बस. तमाशा नको,” तो दातांमधून बोलला. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, “मॅडम, पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही.”

त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींचा आवाज आला. हातात झारा तसाच.

“मग ती मुलगी सापडली का?”

इतक्या वर्षांत त्या वर्गात वहिनींनी विचारलेला तो पहिला प्रश्न. सर त्यांच्याकडे न वळता म्हणाले, “अगं, तो मुद्दा नाहीये.”

“मला तेवढंच सांगा,” वहिनी म्हणाल्या. “सापडली का?”

मग मीच सुनेकडे वळून इंग्रजीत विचारलं, की त्या दारातल्या बाईंना जाणून घ्यायचंय, तुमच्या नवऱ्याची आत्या सापडली का? सुनेने आजोबांना विचारलं. आजोबा वळून बसले, वहिनींकडे तोंड करून, आणि पुढचं सगळं त्यांनाच सांगितलं. मराठी मी केलं. सर बाल्कनीत गेले. आतून त्यांची पाठ दिसत होती, आणि फोन कानाला.

आई एकटी गेली होती. सरकारी मोटार नाही, ट्रकच्या मागे बसून, मग पायी. झोपडी सापडली. मुलीला ठेवून घेणारी बाई जिवंत होती. मुलगी वीसच्या आसपासची, लग्न झालेली, कडेवर मूल. तिच्या डाव्या कानाच्या पाळीला जन्मतः खाच होती. तशीच आईच्या कानाला होती. आईने तिला सांगितलं, मी तुझी आई. ती म्हणाली, “मला आई आहे. ती आत चूल फुंकतेय.” रागाने नाही, नुसतं माहिती द्यावी तसं. आईला तिथं जेवायला वाढलं. आई जेवली आणि परत आली. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, “बरं झालं, प्रश्न मिटला,” आणि मीटिंगला गेले.

“मग?” वहिनी म्हणाल्या.

मग वडिलांची पाळी आली. ज्या सभागृहात ते इतरांवर ओरडत असत तिथंच त्यांच्या गळ्यात पाटी अडकवून त्यांना उभं केलं. ओरडणाऱ्यांत त्यांचा ड्रायव्हर होता, सेक्रेटरी होता. पुढे ते शेगडी नसलेल्या खोलीत वारले. काही वर्षांनी चूक झाल्याचं वरून जाहीर झालं, मोठा शोकसमारंभ झाला आणि जिल्ह्याने वस्तुसंग्रहालय बांधलं. संग्रहालयाला आता ती मुलगी हवी होती, उद्घाटनासाठी. जी शोधायला दोन ओळी मिळाल्या नव्हत्या तिच्यासाठी आता गाडी गेली. तिला नवा कोट दिला, छातीवर कागदी फूल लावलं. भिंतीवर पलटणीचा मोठा फोटो होता, त्यात पन्नासेक माणसं. कॅमेरेवाले थांबले होते, तिने वडिलांकडे बघून रडावं म्हणून. तिने फोटो बराच वेळ बघितला आणि अधिकाऱ्याला विचारलं, “यातले ते कोणते?”

आजोबा हे सांगताना हसले. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. वहिनीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. बाकी कुणी हसलं नाही.

मग खाणं झालं. मला वाटलं होतं आता काही वाद होईल, कुणी सरांना विचारेल. काही नाही. दहा मिनिटांत सगळे पेट्रोलवर आणि सुट्टीतल्या तिकिटांवर बोलत होते. ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच रांग लावून आजोबांसोबत फोटो काढून घेत होते. सर बाल्कनीतून परत आले आणि मधल्या खुर्चीत बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही चांगलं भाषांतर करता. थोडं सरधोपट, पण चांगलं.” त्यांच्या कोटाच्या खिशावर ढोकळ्याची मोहरी चिकटली होती, ती मी सांगितली नाही.

घरी आल्यावर नवरा बोलला.

“तुला काय गरज होती?”

“ते खोटं सांगत होते.”

“मग? तुझ्या बापाबद्दल सांगत होते का?”

“ज्याच्या बापाबद्दल सांगत होते तो समोर बसला होता.”

“माझ्या नोकरीचं काय?” तो म्हणाला. हे तरी खरं होतं. निदान त्याने इतिहासाचं नाव घेतलं नाही. आमची मुलगी आतून इंग्रजीत ओरडली की हळू बोला, तिची परीक्षा आहे. आम्ही हळू बोललो, म्हणजे बोललोच नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी ग्रुपवर वृत्तांत टाकला. ‘पोटच्या कन्येचं बलिदान देणाऱ्या सेनानीच्या आठवणींनी सभागृह भारावलं.’ खाली हात जोडलेली चित्रं, लोकांची रीघ. मी दोन ओळी लिहिल्या, की मुलीचं बलिदान झालेलं नाही, ती जगली, आणि ते कसं हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. काही मिनिटांत माझा मजकूर काढून टाकला गेला आणि थोड्या वेळाने मलाही. ज्या माणसाने हॉलमध्ये तीन-तीन तास क्रांती केली, त्याला दोन ओळी सहन झाल्या नाहीत. त्याचे सेनापती निदान पाटी तरी गळ्यात अडकवायचे, समोर उभं करायचे. यांनी अंगठ्याने उरकलं.

पुढच्या आठवड्यात आजोबा क्लिनिकला आले. मी सुनेची माफी मागितली, की तुम्हाला असल्या जागी यावं लागलं. ती म्हणाली, “नाही नाही, त्यांना आवडलं. त्या तळणाऱ्या बाई आवडल्या. अजून विचारतात, ती झारेवाली कशी आहे.”

“त्या दिवशी ते खरं काय म्हणाले होते?” मी विचारलं. “पाणी नव्हतं मागितलं त्यांनी.”

“ते म्हणाले, इथंही मीटिंगच आहे तर.”

आजोबांचा पाय आता चांगला वाकत होता. शेवटच्या दिवशी ते आमच्या क्लिनिकचा जिना कठड्याला हात न लावता उतरले आणि खाली उभे राहून वर बघत मला शिवी दिली, प्रेमाने. सुनेने सांगितलं की त्यांची बहीण अजून आहे, नव्वदीला टेकलेली. सणाला ते फोन करतात. तिची बोली यांना कळत नाही, यांची तिला कळत नाही. दोघं बराच वेळ मोठ्या आवाजात बोलतात आणि ठेवून देतात.

वहिनी एकदा क्लिनिकला आल्या, खांदा धरला म्हणून. मी हात वर करायला लावला तशा त्या म्हणाल्या, “त्या दिवशी हे मला म्हणाले, तू मध्ये का बोललीस. मी म्हटलं, मला ऐकायचं होतं.” मग म्हणाल्या, “तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बरं आहे, शांत वाटतं.”

नवऱ्याला ती नोकरी मिळाली नाही. सरांनी शब्द टाकलाच नव्हता, आधीही नाही आणि नंतरही नाही. त्या जागेवर कोणाला घ्यायचं ते त्यांच्या हातातच नव्हतं, असं पुढे बँकवाल्यांकडून कळलं. तरीही नवरा वर्गाला जात राहिला. मी जात नव्हते. हिवाळा संपताना सरांनी त्याच जनरलचं चरित्र सादर केलं. भिंतीवर आता आजोबांसोबतचा फोटोही लागला होता, फ्रेम करून. नवरा संध्याकाळी घरी आला, बूट काढले.

“कसं झालं?” मी विचारलं.

“चांगलं झालं. अभ्यास असतो त्यांचा.”

“मुलीचं काय सांगितलं?”

“अर्पण केली म्हणून सांगितलं.”

“तू होतास की तिथं त्या दिवशी. काही बोललास?”

तो टीव्हीचा रिमोट शोधत होता. “वड्या चांगल्या होत्या,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी दिल्यात वहिनींनी.”

डबा मी घेतला. नवऱ्याला म्हटलं, तू खाऊन आलायस, आता रात्रीच्या जेवणाचं तुझं तू बघ. आणि मुलीला हाक मारून आम्ही दोघी त्या वड्या खात समुद्राकडे फिरायला गेलो.